कुणाच्या शब्दानं निर्णय बदलतो?

वाचकांचे प्रश्न, वर्कशॉपमधली उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की आमच्या वर्कशॉपमधून १९९९ पासून एकही नवं मॉडेल दोन सह्यांशिवाय बाहेर पडलं नाही, एक सही भाऊजींची आणि एक माझी. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली सहा पत्रं इथे घेते. ज्यांनी हे सदर पहिल्यांदाच उघडलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं घरघंटी बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. १९९८ साली माझे मिस्टर गेले. त्यांच्या खुर्चीवर मी बसले, धाकटे दीर आधीपासून मशीनवर होतेच. पुढची वीस वर्षं आम्ही दोघांनी ते चालवलं.

प्रश्न : ताई, आमचं वडिलांपासूनचं हार्डवेअर आणि सॅनिटरीवेअरचं दुकान आहे. दोन वर्षांपासून बायको दुकानात बसते. ती हुशार आहे, गिऱ्हाइकाशी चांगली बोलते. पण आता माल भरतानाही मत देते. हे सिंक घेऊ नका, तो नळ घेऊ नका. मी वीस वर्षं या लाइनीत आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं मला वाटतं. बाईची नजर म्हणजे नेमकं वेगळं काय असतं? की हे सगळं भाषणापुरतं आहे?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, भाऊजींनी मला हाच प्रश्न विचारला होता, थोड्या वेगळ्या शब्दांत. ते म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही ऑफिस बघा, मशीनचं मी बघतो."

तेव्हा आमचं पहिलं मॉडेल तयार होत होतं. भाऊजींच्या हाताला यश आहे. त्यांनी जुळवलेली मोटर वर्षानुवर्षं आवाज बदलत नाही. मशीन उत्तम झालं होतं. त्यांनी गहू टाकला, पीठ पडलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी घरून जोंधळ्याचा पाच किलोचा डबा घेऊन गेले आणि वरच्या नरसाळ्यात ओतायला लागले, तर डबा खांद्याच्या वर उचलावा लागला. हात थरथरला, मूठभर जोंधळा जमिनीवर सांडला. मी पाच फुटांची, भाऊजी पावणेसहा. नरसाळ्याचं तोंड त्रेचाळीस इंचांवर होतं. त्यांच्या कोपराला ते बरोबर येत होतं, माझ्या छातीवर येत होतं. वर्कशॉपमधले सगळे पुरुष. महिनाभर रोज ते मशीन चालवत होते आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांना ते जाणवणं शक्यच नव्हतं.

मग मी जाळी बदलायला घेतली. तर तिला पाना लागत होता. आता बघा, पोळीच्या पिठाला एक जाळी, भाकरीला दुसरी, रवा काढायचा तर तिसरी. ज्या घरात रोज स्वयंपाक होतो तिथे जाळी आठवड्यातून तीन-चारदा बदलली जाते. बाईनं प्रत्येक वेळी पाना शोधायचा, नाहीतर नवरा घरी यायची वाट बघायची? मी म्हटलं, हे हातानं फिरलं पाहिजे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की ही गोष्ट बाईच्या शहाणपणाची आहे. तशी ती नाही. मी म्हटलं, नरसाळं सहा इंच खाली घ्या. भाऊजी म्हणाले, खाली घ्यायचं तर पिठाचा डबा लहान होईल, नाहीतर नरसाळं उथळ करावं लागेल. मी म्हटलं, करा उथळ. त्यांनी पत्र्याचं एक उथळ नरसाळं करून माझ्यासमोर ठेवलं आणि त्यात हरभऱ्याची डाळ ओतली. डाळ तिथेच बसली, खाली सरकेना. "उतार कमी झाला की धान्य अडतं, वहिनी. गहू घसरेल, डाळ नाही घसरणार." हे मला सात जन्मात कळलं नसतं. त्यावर त्यांनी पंधरा-वीस पत्र्यांचे नमुने कापले असतील. शेवटी नरसाळं एका बाजूनं जवळजवळ सरळ उताराचं आणि दुसऱ्या बाजूनं पसरट झालं. उंची सदतीस इंचांवर आली आणि डाळही घसरू लागली. असं नरसाळं ना त्यांच्या डोक्यात होतं, ना माझ्या. आम्ही एकमेकांना "नाही" म्हटलं म्हणून ते जन्माला आलं.

आणि जिथे मी चुकले तेही सांगते. बायका तक्रार करायच्या की दार जरा सैल झालं की घरघंटी बंद पडते. मी भाऊजींना म्हटलं, ते दाराचं बटण काढून टाका, कटकट आहे. ते जागचे उठले. तरुणपणी एका प्रेस शॉपमध्ये त्यांच्या शेजारच्या मुलाची दोन बोटं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. म्हणाले, "दार उघडलं की पाती थांबलीच पाहिजेत. एक गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल." बटण राहिलं. मशीनभोवती लहान मुलं फिरतात हे आई असून माझ्या ध्यानात आलं नाही, त्यांच्या आलं. म्हणून बाईचं मन हळवं आणि पुरुषाचं डोकं हिशेबी, असलं काही मी मानत नाही. ज्याचा हात जिथे रोज पडतो, त्याला तिथलं कळतं. आपल्याकडे बाईचा हात आणि पुरुषाचा हात वेगवेगळ्या ठिकाणी पडत आलाय. म्हणून दोघांना वेगळं दिसतं.

आता तुमच्या पत्राकडे येते. बायको "हे सिंक नको" म्हणते एवढंच तुम्ही लिहिलंय, "का नको" ते लिहिलेलं नाही. मला वाटतं तुम्ही विचारलंच नसेल. उथळ सिंकमध्ये भांडी घासताना पाणी पोटावर उडतं, पदर भिजतो. नळाची मान आखूड असली तर खाली कळशी बसत नाही, कुकर तिरका धरावा लागतो. तुमच्या बार्शीकडे पाणी भरून ठेवायची सवय किती आहे ते तुम्हालाच ठाऊक. तुमच्या दुकानात सिंक निवडायला नवराबायको येतात तेव्हा पैसे कोण देतं आणि बोट कोण दाखवतं, हे आठ दिवस नुसतं बघा. आणि पुढच्या ऑर्डरमधल्या स्वयंपाकघरातल्या मालाची यादी तिला एकटीला करू द्या, तीही पूर्ण रकमेची. पाइप, व्हॉल्व्ह, फिटिंग तुमच्याकडे राहू द्या. सहा महिन्यांनी शिल्लक माल मोजा. तलवारींचं म्हणाल तर आमच्या वर्कशॉपमध्ये तलवार एकही नव्हती, पाने पुष्कळ होते, आणि दोन्ही हात लागल्याशिवाय घट्ट बसलेला नट निघत नाही.

प्रश्न : आमचं काजू प्रक्रियेचं युनिट माझ्या नावावर आहे. महिला उद्योजक म्हणून कर्ज मिळायला सोपं जाईल म्हणून मिस्टरांनी तसं केलं. मी सह्या करते. काजू बी खरेदी, बँक, व्यापारी सगळं ते बघतात. मी सोलणीच्या बायकांबरोबर बसते. गर फार फुटतोय, अख्खा माल कमी निघतोय, आणि मिस्टर म्हणतात बायका नीट काम करत नाहीत. मला वाटतं ड्रायरमध्येच काही बिघडलंय. पण मी बोलले की "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणतात.
— एक भगिनी, कणकवली तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आधी सहीचं बोलू, कारण मला त्याची खरी काळजी वाटते.

एकाच्याच नावावरच्या मालकीच्या धंद्यात धंद्याचं कर्ज वेगळं आणि मालकाचं कर्ज वेगळं असं काही नसतं. युनिट तुमच्या नावावर आहे म्हणजे कर्ज तुमचं आहे. उद्या हप्ते थकले तर बँक तुम्हाला विचारणार. तुमच्या सहीचा चेक वटला नाही तर कलम १३८ खाली खटला तुमच्यावर होणार, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मला माहीत नव्हतं, मिस्टर बघायचे" हे तिथे कामाला येत नाही. तेव्हा कोऱ्या चेकवर सही आजपासून बंद. बँकेत जाऊन खात्याचा सहा महिन्यांचा उतारा मागा. खातं तुमचं आहे, कुणाची परवानगी लागत नाही. त्या वेळी मिस्टरांनाही बरोबर घ्या. चोरून काही करू नका, पण करा.

हा प्रकार तुमच्या घरापुरता नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालक मंडळावर निदान एक महिला घ्यायला लावली. तर किती कंपन्यांनी मालकाची बायको, बहीण, मुलगी आणून त्या खुर्चीवर बसवली! शेवटी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला सांगावं लागलं की ती महिला स्वतंत्र असली पाहिजे, घरची चालणार नाही. बाजारमूल्यानं पहिल्या पाचशे कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पुढच्या पाचशेंना वर्षभरानं ते लागू झालं. मुंबईच्या मोठ्या मंडळात जे घडलं तेच तुमच्या परसात घडतंय. बाईचं नाव हवंय, तिचं म्हणणं नकोय.

आता ड्रायर. मी काजूवाली नाही, पण या धंद्यातल्या मैत्रिणींमुळे एवढं मला माहीत आहे की गर कमी सुकला तर साल सुटत नाही, मग बायका सुरी दाबतात आणि गर फुटतो. जास्त सुकला तर तो कडक होतो आणि हात लागताच पाकळी होते. दोन्ही वेळा फुटतो सोलणीच्या टेबलावर, पण दोष असतो मागे. तुम्ही त्या टेबलाशी बसता. तुमच्या बोटांना साल कशी सुटते ते कळतं. मिस्टरांना वजनकाट्यावर फक्त तुकडा दिसतो.

त्यांच्याशी वाद घालू नका, वही घाला. पंधरा दिवस ड्रायरच्या प्रत्येक ट्रेवर खडूनं नंबर टाका: वरचा, मधला, खालचा, दाराजवळचा. त्या त्या ट्रेचा माल वेगळा सोला आणि अख्खा किती, पाकळी किती, कणी किती ते वजन करून लिहा. सोलणारी बाई एकच ठेवा, म्हणजे "हात वाईट" हा मुद्दा निघून जाईल. सगळ्या ट्रेंचा माल सारखाच फुटत असेल तर तुमचा अंदाज चुकला असेल, तेही मोकळेपणी मान्य करा. ठरावीक ट्रेचाच फुटत असेल तर ती वही मिस्टरांसमोर ठेवा आणि म्हणा, आता ड्रायरवाल्याला बोलावू या. अख्ख्या गराचा आणि कणीचा भाव त्यांना तोंडपाठ आहे. पुढचा हिशेब त्यांचा तेच करतील, आणि तो तुमच्यापेक्षा झटपट करतील.

प्रश्न : भोसरीत वडिलांचं मशीनिंग युनिट आहे. भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर, मी समाजकार्यात एम. ए. केलंय. वडिलांच्या आजारपणामुळे आम्ही दोघं बघतोय. कामगार, पगार, खरेदी मी बघते. पण कंपनीचे लोक आले की भावाशीच बोलतात, आणि माझ्याकडे बघून "चहा सांगता का" म्हणतात. माझं शिक्षणही यातलं नाही. मी इथे असावं का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : बाळ, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर थरमॅक्स आहे. बॉयलर बनवणारी कंपनी. १९९६ साली रोहिंटन आगा अचानक गेले आणि त्यांच्या पत्नी अनु आगांकडे कंपनीची धुरा आली. त्याही इंजिनिअर नव्हत्या. त्यांचं शिक्षण समाजकार्याचं, तुझ्यासारखंच, आणि कंपनीत त्या मनुष्यबळाचं काम बघत होत्या. पुढची काही वर्षं फार कठीण गेली. चारशे रुपयांचा शेअर छत्तीसवर आला. एका भागधारकानं निनावी पत्र लिहिलं की तुम्ही आम्हाला बुडवलंत. त्या पत्रानं त्यांची झोप उडाली असं त्यांनी स्वतः सांगितलंय. मग त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, विरोध असतानाही संचालक मंडळ नव्यानं बांधलं, जे धंदे आपले नव्हते ते सोडले. कंपनी उभी राहिली. बॉयलरचं ज्ञान असलेले शेकडो लोक त्यांच्याकडे होते. त्यांनी मोकळेपणी विचारलं की आपलं काय चुकतंय, आणि उत्तर ऐकून घेतलं.

तेव्हा तू तिथे असावंस. कामगार का सोडून जातो, ओव्हरटाइम कुठे वाया जातो, हे तुझ्या भावाला ड्रॉइंगवर दिसणार नाही.

चहाचं मात्र भावानं निस्तरायचं आहे, तू नाही. आमच्याकडे मोटरीचा विक्रेता यायचा. मी समोर बसलेली असताना विचारायचा, "साहेब आहेत का?" भाऊजी हात पुसत आतून यायचे आणि उभ्याउभ्याच म्हणायचे, "दर वहिनी ठरवतात, मला त्यात अधिकार नाही." आणि परत आत जायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो माणूस थेट माझ्याशी बोलायला लागला. भावाला हे पत्र दाखव. दर, मुदत, पेमेंट या गोष्टी त्यानं तुझ्या तोंडूनच येऊ द्याव्यात, त्याला उत्तर माहीत असलं तरी. आणि तू महिन्यातले चार दिवस शॉप फ्लोअरवर उभी राहा. टॉलरन्स म्हणजे काय, रिजेक्शन का होतं, हे शिकून घे. मी पस्तिसाव्या वर्षी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, वाचायला शिकले.

प्रश्न : आम्ही नवराबायको मिळून केटरिंग करतो. दिवसभर किचनमध्ये एकत्र, रात्री घरी एकत्र. भांडणं फार होतात. एकानं बाजूला व्हावं का?
— एक दांपत्य, नाशिक

उत्तर : भांडण कामावरून होतं की कामगारांसमोर एकमेकांना टाकून बोलण्यावरून होतं, ते आधी बघा. कामावरचं भांडण राहू द्या. आम्ही दीर-भावजय असून नरसाळ्यावरून आठ-आठ दिवस बोलत नव्हतो.

बाजूला होण्याचं म्हणाल तर १९८१ साली सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये दिले आणि इन्फोसिस सुरू झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नवराबायको दोघं एका कंपनीत नकोत असं नारायण मूर्तींनी ठरवलं आणि सुधाताई बाहेर राहिल्या. त्या स्वतः पक्क्या इंजिनिअर. २०२४ मध्ये मूर्तींनी मुलाखतीत कबूल केलं की ती आपली चूक होती. एवढी वर्षं गेल्यावर! तुमच्यावर ती पाळी येऊ नये. मेनू आणि चव एकाकडे, माणसं आणि पैसे दुसऱ्याकडे, अशी वाटणी कागदावर करा. आणि कोटेशन मात्र दोघांनी वाचल्याशिवाय पाठवू नका.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचत गट आहे, आम्ही चटण्या आणि शेवया करतो. गावातले एक निवृत्त कारकून हिशेब लिहून द्यायला तयार आहेत, पैसेही मागत नाहीत. पण काही जणी म्हणतात, पुरुष आत आला की हळूहळू सगळं त्याच्या हातात जातं. काय करावं?
— एक बचत गट, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या मैत्रिणींची भीती खोटी नाही. अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. पण मदत नको म्हणण्याआधी लिज्जतचं बघा.

१५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने, छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून घेतलेले. सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत. सुरुवातीला या बायका दोन प्रतीचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं, हलका माल करूच नका, एकच करा आणि उत्तम करा. हिशेब चोख ठेवा, आणि कुणाची देणगी घेऊ नका, हा धंदा आहे. पापड कसा लाटायचा यात ते पडले नाहीत. मालकही झाले नाहीत. आजही लिज्जतमध्ये सभासद म्हणजे मालक फक्त बहिणीच होऊ शकतात. पुरुष पगारावर काम करतात. व्यापाराची रीत जाणणारा माणूस आणि घराघरातल्या ताटाची चव जाणणाऱ्या बायका, दोन्ही एकत्र आलं. पण शेवटचा शब्द बायकांकडेच राहिला.

तुमच्याच जिल्ह्यातलं म्हसवड घ्या. माणदेशी महिला बँकेच्या परवान्यासाठी पहिला अर्ज गेला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. बायका काही महिने अक्षरं शिकल्या, बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याज विचारा, तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

तर कारकून काकांना घ्या, आणि फुकट घेऊ नका. महिन्याला ठरवून मानधन द्या. फुकट काम करणाऱ्याला सांगता येत नाही आणि काढताही येत नाही. त्यांनी वही लिहायची, पण शेजारी रोज तुमच्यातली एक जण बसेल, पाळीपाळीनं. वर्षभरात निदान तिघी जणींना रोकडवही लिहिता आली पाहिजे. बँकेत सही तुमच्यातल्या दोघींचीच. काकांना मत विचारा, भाव ठरवताना तर जरूर विचारा. मी १९९९-२००० मध्ये भाऊजींना न विचारता अकरा घरघंट्या मैत्रिणींना हप्त्यावर दिल्या. चौघींचे पैसे आले नाहीत, आणि चार मैत्रिणीही गेल्या. पैशांपेक्षा त्याचं दुःख मला अजून आहे. विचारलं असतं तर ते एवढंच म्हणाले असते की आधी निम्मे घ्या.

प्रश्न : आम्ही चार मित्र विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोल्या शोधून देणारं ॲप करतोय. चौघंही मुलगेच आहोत. एचआरसाठी एक मैत्रीण येणार आहे. तेवढं पुरेसं होईल ना? आमचे निम्मे वापरणारे मुली असतील असा अंदाज आहे.
— चार मित्र, पुणे

उत्तर : मुलांनो, नाही होणार. ती मैत्रीण येईल तेव्हा ॲप बनून गेलेलं असेल. मग ती काय बदलणार?

ॲपलसारख्या कंपनीनं २०१४ मध्ये आरोग्याचं ॲप आणलं. त्यात रक्तदाब होता, झोप होती, आहारातलं तांबं आणि क्रोमियमसुद्धा नोंदवायची सोय होती. मासिक पाळी नव्हती. जगातल्या निम्म्या माणसांच्या आयुष्यात दर महिन्याला येणारी गोष्ट! पुढच्या वर्षी ती घातली. तिथे हुशार माणसांची कमतरता नव्हती. ज्या टप्प्यावर यादी ठरते त्या टप्प्यावर कुणी विचारलं नाही, किंवा विचारणाऱ्याचं कुणी ऐकलं नाही.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेली ॲपच्या पानांची चित्रं मी माझ्या नातीला दाखवली. ती कर्वेनगरला खोली करून राहते. तुमच्या पहिल्या पानावर भाडं, अंतर, वायफाय, पार्किंग आहे. तिनं विचारलं, दाराला आतून कडी आहे का? खोलीची दुसरी किल्ली घरमालकाकडे असते का, आणि तो न सांगता येतो का? क्लास सुटल्यावर रात्री साडेनऊला त्या गल्लीत दिवे असतात का? बाथरूम कुणाबरोबर वापरायचं? आणि मग तिनं ती जागा दाखवली जिथे "चौकशी करा" दाबल्यावर मुलीचा मोबाइल नंबर आपोआप घरमालकाकडे जातो. ती म्हणाली, "आजी, मी हे ॲप इथेच काढून टाकलं असतं."

तुम्ही चौघं चांगल्या घरची मुलं आहात, तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. तुमच्या फोनवर रात्री अकराला अनोळखी माणसाचा "जेवलीस का" असा मेसेज आलेला नाही, एवढंच.

एचआर नको, भागीदार घ्या. जी मुलगी स्वतः तीन खोल्या बदलून बसली आहे आणि जिला कोड येतो किंवा विक्री येते, अशी. तिला हिस्सा द्या आणि तिनं "थांबा" म्हटलं की थांबा. ती मिळेपर्यंत रविवारी दोन वसतिगृहांवर जा, रेक्टरना विचारून मुलींशी बोला, त्या काय विचारतात ते लिहून आणा. आणि ते नंबर आपोआप जाणं आज रात्रीच बंद करा, उद्याची वाट बघू नका.